मागच्या दारची चूल

अक्का,

काल तुमचा तेरावा झाला. आज सकाळी पाहुणे गेले. मागून आणलेली पातेली ज्यांची त्यांच्याकडे पोचवली, अंगण झाडलं, आणि दुपारी मी मागच्या दारी तुमच्या चुलीजवळ येऊन बसले. झोप येत नाही, काम करवत नाही. हात नुसते जड झालेत. मंगलच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, ती घेतली. चौथी शिकलेल्या बाईनं काय लिहायचं, पण बोलायचं म्हटलं की माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. अकरा वर्षं एका घरात राहून मी तुमच्याशी निम्मं बोलणं पोरींच्या तोंडून केलं. "आजीला सांग, पाणी तापलं." "आजीला विचार, ज्वारी दळायला द्यायची का." तुम्ही समोरच बसलेल्या असायच्या. म्हणायच्या, "सांग व तुझ्या मायले, मले ऐकू येते."

एक गोष्ट मात्र पोरींच्या तोंडूनही सांगता येण्यासारखी नव्हती. तुम्हाला इथून घेऊन जावं म्हणून तुमच्या पुतण्याला, पुंडलिकभाऊंना, जे पत्र गेलं होतं, ते यांनी लिहिलेलं नव्हतं. खाली नाव यांचं होतं. लिहिलं मी होतं. यांना आजही माहीत नाही.

आता सांगितलं. छातीवरून काही उतरलं वगैरे नाही. दमलेय फक्त.

तुम्हाला तो पहिला दिवस आठवतो का? मी पाट लावून आले, धुळ्याहून एस.टी.नं, सहा वर्षांच्या मंगलला मांडीवर घेऊन. रावेरला उतरलो तेव्हा ती उलटी करून करून पांढरी पडली होती. तुम्ही दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. तुमच्या मागं सुनंदा नऊ वर्षांची आणि छाया पाच वर्षांची, दोघी तुमच्या लुगड्याला धरून. तुमची एकुलती एक लेक, कमलताई, जाऊन दोन वर्षं झाली होती. तिच्या पोरींना सांभाळायला तुम्ही गाव सोडून जावयाच्या घरी राहिला होता. आणि आता तिच्या जागेवर आलेल्या बाईला तुम्हीच ओवाळत होता. मी तुमच्याकडे वर पाहिलंच नाही. तुमचे पाय तेवढे पाहिले. टाचा फार फुटलेल्या होत्या.

तुम्ही पोरींना म्हणालात, "ही तुमची माय. अन् ही धुळेवाली तुमची बहीण. तिले आधी पाणी द्या."

संध्याकाळी मी सगळ्यांचा स्वयंपाक केला. ताटं मांडली, तुमचंही मांडलं. तुम्ही म्हणालात, "माझं मी करून घेते," आणि मागच्या दारी गेलात. मी खिडकीतून पाहिलं. तिथं नवी चूल होती. त्याच दिवशी सकाळी घातलेली, माती अजून ओली. कपाशीच्या पऱ्हाट्या पेटता पेटेनात, धूर नुसता. तुम्ही डोळे पुसत फुंकत होता. दोन वर्षं घरातल्या चुलीवर रांधलेलं तुम्ही, आणि मी यायच्या दिवशीच बाहेर चूल घातली. मी ताट उचलून ठेवलं. यांनी मान खाली घालून जेवण केलं.

तीन वर्षं ते तसंच चाललं. पुंडलिकभाऊ तुमच्या वाट्याची ज्वारी आणून देत, तिचीच भाकर तुम्ही खात होता. पाणीसुद्धा स्वतः शेंदून आणायच्या. माझ्या भाजीला कधी बोट लावलं नाही. पोरींचं मात्र बरं होतं, त्यांना दोन स्वयंपाकघरं झाली. माझ्याकडे जेवून तुमच्याकडे जायच्या. मंगलही जायची. ती अहिराणीत "काय शे?" म्हणाली की सुनंदा-छाया हसून लोळायच्या, मग तुम्ही त्यांना दटावायच्या आणि हिच्या हातावर भरताचा गोळा ठेवायच्या. "खाय व धुळेवाली. हसू दे त्यायले." तुमचं भरीत पऱ्हाट्यांवर भाजलेलं असायचं, त्याचा वास माझ्या स्वयंपाकघरात यायचा आणि मी ताट सारून उठायची. माझ्या लेकीला तुम्ही भरवता आणि माझ्या हातचं तुम्हाला चालत नाही. एकदा नवरा खाल्लेली म्हणून, की तुमच्या लेकीच्या जागेवर बसले म्हणून, एवढंच मला ठरवता येत नव्हतं.

शेजारच्या सगुणाबाईंनी ते ठरवून दिलं. विहिरीवर चार बायकांत म्हणाल्या, "म्हातारीनं चूल वेगळी मांडली तेव्हाच आम्ही समजलो. पोटची लेक गेली, तिच्या ताटात कोणी का वाढेना, आईच्या घशाखाली उतरेल का?" बायका माझ्याकडे पाहत होत्या. मी घागर भरली आणि आले. अर्ध्या वाटेत लक्षात आलं, दोर तिथंच राहिला. परत जायची हिंमत झाली नाही. तुम्हीच आणलात तो संध्याकाळी. काही विचारलं नाहीत.

घरात मी पाहुण्यासारखी वागत होते, हे मला आज कळतं. सुनंदानं बरणी फोडली तर मी मंगलवर ओरडायची. छायानं अभ्यास केला नाही तर मंगलची वही उघडून बसायची. सावत्र म्हणतील, ही भीती. तुम्ही एकदा बाहेरूनच म्हणालात, "बरणी धुळेवालीनं फोडली नही. मी पाहिलं. जिनं फोडली तिले बोल ना." मला वाटलं, हा टोमणा आहे. मी कमलताईच्या लेकीला बोलावं, म्हणजे तुम्हाला गावभर सांगायला मिळेल. असं वाटलं मला. एवढी मी आतून काळी झाले होते.

दुसऱ्या वर्षी पत्र लिहिलं. हे केळीच्या कटाईवर गेले होते, पोरी शाळेत. तुम्ही ओट्यावर वाती वळत होता, आणि मी आत दार लोटून तुमच्याविरुद्ध लिहीत होते. 'अक्कांना इथे करमत नाही. अक्का वेगळे करून खातात, लोक नावे ठेवतात. अक्कांचे वय झाले, त्यांना आपल्या माणसांत न्यावे.' यांचं नाव घातलं. पेटीत टाकायला मंगलला पाठवलं. आठ दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

पुंडलिकभाऊ आले. ओट्यावर बसून चहा घेतला. म्हणाले, "अक्का, चला चार दिवस गावाकडं." तुम्ही म्हणालात, "पोरींची परीक्षा होऊ दे." ते पिशवी उचलून निघाले, तुम्ही त्यांना फाट्यापर्यंत सोडायला गेलात. परत आलात तेव्हा मी ज्वारी निवडत होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलं आणि म्हणालात, "खडे फार निघतेत यंदा." बस. मी सुटले असं मला वाटलं.

चार-पाच दिवसांनी तुम्ही एक कार्ड घेऊन माझ्यासमोर बसलात. तोपर्यंत तुमची पत्रं शाळेचे मास्तर लिहून देत. "लिही," म्हणालात. मला नाही म्हणता आलं नाही. तुम्ही सांगितलं, "पुंडलिकले आशीर्वाद. माझ्याजवळ पोरी हायेत, त्यायची माय हाये. मले इथं काही कमी नही. न्यायले येऊ नको. पुन्हा इचारू बी नको." माझा हात थांबला. तुम्ही म्हणालात, "लिहिलं का? वाच बरं." मी वाचलं. तुमच्यासमोर इतकं मोठ्यानं, इतकं सलग मी तोवर कधी बोलले नव्हते. तुम्ही कान पुढं केला. "अजून एकदा वाच." मी पुन्हा वाचलं. मला शंका आली होती, अक्का. पण तुमच्या तोंडावर काही दिसेना. तुम्ही कार्ड घेतलं, पदराच्या टोकानं पुसलं आणि स्वतः टाकायला गेलात.

तेव्हापासून दर महिन्याला मीच तुमची कार्डं लिहिली. चूल मात्र वेगळीच.

मग तो ट्रॉलीचा दिवस. तिसरं वर्ष. घरासमोर केळीनं भरलेली ट्रॉली उभी होती, हे माणसांना घड नीट लावायला सांगत होते. तिघी पोरी ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधल्या दांड्यावर चढून झोका घेत होत्या, कोणाचं लक्ष नव्हतं. ड्रायव्हरनं ट्रॅक्टर सुरू केला. तुम्ही ओट्यावरून ओरडलात, "अरे पोरी! पोरी!" हे धावले. एकेकीला दंडाला धरून खाली ओढलं, आणि ओळीनं एकेक थापड दिली. सुनंदाला, छायाला, आणि मंगललाही. तोच हात, तेवढ्याच जोरानं.

तीन वर्षांत यांनी मंगलला कधी आवाज चढवून हाक मारली नव्हती. बाजारातून आलं की खाऊ आधी तिला. 'मंगलबाई' म्हणायचे. आणि आज मारलं. शेवटी परक्याची ती परक्याचीच, असं मनात आलं. मी धावत गेले, मंगलला पोटाशी धरलं आणि आत घेऊन आले. सुनंदा, छाया तिथंच रडत उभ्या राहिल्या. यांनी तिघींना सारखं मारलं होतं. मी एकटीलाच जवळ घेतलं होतं. तेव्हा हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

तुम्ही आत आलात. तीन वर्षांत पहिल्यांदा स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडलात. फळीवरून ताट काढलं, पाट ओढला आणि बसलात.

"वाढ," म्हणालात.

मला कळेना. "कोणाला?"

"मले. भूक लागली."

मी भाकरीच्या टोपल्याकडे वळले, तर म्हणालात, "थांब. आधी त्या दोघी भाहेर रडून राह्यल्या, त्यायले आत घे. मंग वाढ."

मी बाहेर गेले. छायाला कडेवर घेतलं, सुनंदाचा हात धरला. सुनंदा आधी आली नाही, मग आली. आत येऊन मी तुम्हाला वाढलं. सकाळची भाकर होती, वांग्याची भाजी होती. घाईत रस्सा ताटाबाहेर सांडला. तुम्ही पहिला घास घेतला, चावला आणि म्हणालात, "मीठ जास्त हाये."

मग माझ्याकडे न पाहता सांगितलंत. "लेकीच्या घरी लेकरू झाल्याबिगर मायनं जेवू नये, एवढं बी तुले ठाऊक नही का व? कमलच्या घरी मी खाल्लं, तिच्या पोरी होत्या. मंग तू आली. तू नवी लेक. तुझं लेकरू अजून या घरचं झालं नव्हतं. जावई त्या पोरीले जपून जपून बोले, पाहुण्यावानी. आज मारलं. आज ती घरची झाली. आता मले हरकत नही."

ती रीत मला ठाऊक होती, अक्का. खेड्यातल्या कोणत्या बाईला नसते? पण माझी आई मी चालायला शिकण्याआधीच गेलेली. मंगलचा बाप आग्रा रोडवर ट्रकखाली जाईपर्यंत मी त्याच्या घरी सात वर्षं नांदले, तिथं माझ्या घरचं न जेवणारी आई कधी आलीच नाही. ती रीत कोणी माझ्यासाठी पाळेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी यायच्या दिवशी सकाळी तुम्ही चूल घातली, म्हणजे मी दारात पाऊल टाकण्याआधीच तुम्ही मला लेक धरलं होतं. आणि मी तीन वर्षं तिकडे पाहून रडले. पत्र लिहिलं.

त्या दिवशी हे गोठ्याजवळ जाऊन बसले होते. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाले, "फार लागलं का तिला?" हात पुन्हा पुन्हा धोतराला पुसत होते. आणि मंगल? ती गल्लीतल्या पोरांना लाल झालेला गाल दाखवत होती. "मना बापनी माले बी मारं!" मलाही मारलं, हे ती खाऊ मिळाल्यासारखं सांगत होती.

आपलं एक भांडण मात्र शेवटपर्यंत मिटलं नाही. बऱ्याच वर्षांनी, थोडी भीड चेपल्यावर मी विचारलं होतं, "मंगल पहिल्या दिवसापासून माझी लेक होती. मग पहिल्याच दिवशी का नाही जेवलात?"

"तुझी होती. घराची कुठं होती?"

"घराची व्हायला थापड खावी लागते का?"

"मंग! लाड तर पाहुण्यायचे करतेत."

तुम्ही हसलात. मी नाही हसले. मला ते अजून पटत नाही, अक्का. तोंडानं एकदा सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? तीन वर्षं गेली माझी. तुमचं म्हणणं असायचं की विचारलं असतंस तर सांगितलं असतं. माझं म्हणणं असायचं की मी विचारणारी बाई नाही हे तुम्हाला दिसत होतं. दर वेळी इथं येऊन आपण थांबायचो आणि तुम्ही भरतात कांद्याची पात कच्ची घालायची की परतून, हा दुसरा वाद काढायच्या.

सुनंदाचं लग्न झालं तेव्हा मी तिच्या घरी भुसावळला गेले आणि पाणीसुद्धा प्याले नाही. पोरीचे डोळे भरले. म्हणाली, "माझ्या घरचं चालत नाही का तुला?" मी म्हटलं, "आधी नातू दाखव, मग वाढ." घरी येऊन तुम्हाला सांगितलं तर तुम्ही नुसतं 'हं' केलंत. पण त्या दिवशी तुम्ही भाकर अर्धी जास्त खाल्लीत. माझ्या लक्षात आहे.

शेवटचा महिना जड गेला. तुमचाही, माझाही. थंडी होती, तुम्हाला उठवत नव्हतं. दिवसातून चारदा कूस बदलायची, पेज भरवायची, कपडे बदलायचे. कधी कधी मी मनात म्हणायची, आता सुटू दे म्हातारीला. हेही लिहून ठेवते. तुम्ही चमचा तोंडाजवळ आला की दात आवळायच्या. मी म्हणायची, "आता तरी हरकत नाही ना?" मग थोडं हसू यायचं तुम्हाला आणि एक चमचा आत जायचा. एका दुपारी उचलून इथं उन्हात आणलं, तर चुलीकडे बघून म्हणालात, "मोडू नको ही. बिबड्याच्या पापडाचं पीठ शिजवायले कामा येते."

शेवटच्या सकाळी मी ठरवलं होतं सांगायचं. कानाशी वाकले. "अक्का, एक सांगायचं होतं."

तुम्ही डोळे उघडले. "पोरी आल्या का शाळेतून?"

सुनंदा तिथंच उभी होती, कडेवर तिचं मूल. मी म्हटलं, "आल्या. तिघी आल्या." त्यानंतर तुम्ही काही बोलला नाहीत. माझं सांगायचं राहून गेलं.

आज सकाळी पुंडलिकभाऊ निघताना दारात चपला घालता घालता थांबले. म्हणाले, "ताई, एक सांगू का? राग मानू नका." मला वाटलं, तेराव्याच्या जेवणात काही कमी राहिलं असेल. ते म्हणाले, "ते एक पत्र आलं होतं दाजींच्या नावानं, अक्काले नेण्यासाठी. मी आलो तेव्हा ते खिशात होतं. फाट्यावर अक्कानं वाचायला लावलं. ऐकून म्हणे, हे जावयाचं नही. तो मले मामी म्हणतो, यात सारी अक्का-अक्का हाये. हे पोरीनं लिहिलं."

मी दाराची चौकट धरली.

"मी म्हटलं, मग आता तर चलाच. सुनेगत वागत असेल तर कशाला राहता? तर म्हणे, नही रे. तिले रुसायले दुसरी माय नही. रुसू दे. मग विचारलं, अक्षर कसं हाये तिचं? मी म्हटलं, सरळ आहे, वाचता येतं. म्हणे, मंग आता माझे कागद तीच लिहीन."

त्यांनी चपला घातल्या आणि गेले. छायानं येऊन विचारलं, "माय, पातेली कुठं ठेवू?" तेव्हा हलले.

म्हणजे माझ्या पत्राचं उत्तर तुम्ही मला तेव्हाच दिलं होतं, माझ्याच हातानं लिहून घेऊन. दोनदा वाचूनही घेतलं होतं, मला नीट ऐकू जावं म्हणून. आणि नंतर आठ वर्षं तुम्ही ते पत्र ठाऊक असून माझ्या ताटात जेवलात. मीठ जास्त आहे म्हणालात, भाकर करपली म्हणालात, पत्राचं कधी काढलं नाहीत. मी सांगेन म्हणून वाट पाहत होता की मला सांगायची वेळ येऊ नये म्हणून गप्प होता, ते मला कळत नाही. विचारायचं असतं, हे तुम्हीच म्हणायच्या. आता कोणाला विचारू?

ऊन चुलीवरून सरकलं. मंगल चहाला हाक मारतेय. उठवत नाही, पण उठते.

हा कागद तुमच्यासाठी आहे. तुम्हाला वाचता येत नाही, पण कमलताई सातवी शिकलेली, तिला वाचायला सांगा. अक्षर हिचंच, म्हणावं, जी तुझ्या मागून आली. तुझ्या दोघी बऱ्या आहेत, हेही तिला सांगा. छायाला काल मी रागावले, तेही सांगा.

आणि जेवून घ्या, अक्का. तुम्ही आता लेकीच्याच घरी आहात. तिला तर मंगल धरून तीन लेकरं आहेत, हरकत नाही.